एक्केचाळीस उत्स्फूर्त प्रश्न

मालतीबाई खैरनार यांच्या वर्गात निबंध फळ्यावरून थेट वहीत जायचा. वाटेत कुणाच्या डोक्यात थांबायची त्याला परवानगी नव्हती. बावीस वर्षांचा रिवाज होता तो. गुजरातेतल्या बमरोलीच्या त्या मराठी शाळेत चौथीला ‘माझे गाव’ म्हटलं की एक्केचाळीस पोरांच्या गावाला एकच नदी, नदीकाठी एकच मंदिर आणि मंदिरामागे एकच आमराई. मग ते पोर धुळ्याकडचं असो नाहीतर जळगावकडचं, आणि त्याने जन्मात गावाचं तोंड पाहिलेलं असो वा नसो.

त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, सहामाहीच्या आधी बाई हा निबंध सांगत होत्या. मधेच त्यांनी दारातून डोकं बाहेर काढून शिपायाला हाक मारली, “धुडकू, चहा आण रे, साखर कमी.” आणि परत आत वळून पुढचं वाक्य सांगितलं. परीक्षेचे पेपर आले तर प्रत्येकाच्या गावी एक नदी होती, लगेच पुढे ‘धुडकू चहा आण रे साखर कमी’ होतं, आणि मग नदीकाठी मंदिर होतं. बाईंनी दहापैकी आठ-आठ गुण दिले. का नाही द्यायचे? ऱ्हस्व-दीर्घ सगळं जागच्या जागी होतं. एका पोरीने मात्र तेवढंच वाक्य गाळलं होतं. ‘एक वाक्य राहिले’ असा शेरा मारून बाईंनी तिचा अर्धा गुण कापला. ही पोर म्हणजे योगिता.

आता एवढ्यावरून कुणी बाईंना कामचुकार म्हणेल, तर त्याच्या जिभेला हाड नाही असंच म्हणावं लागेल. पोर दोन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी बाई छत्री उघडून थेट त्याच्या चाळीत. कुणाच्या डोक्यात उवा, कुणाला गालगुंड, कुणाचा बाप रात्रपाळी करून झोपलाय म्हणून पोरगी दार राखत बसलेली, बाईंना सगळं तोंडपाठ. निबंध सांगण्यामागेही त्यांचा हिशेब साफ होता. पोरं घरी अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी आणि किराणावाल्याकडे गुजराती. मग पुस्तकातली मराठी या लेकरांनी आणायची तरी कुठून? “उपाशी पोराला आधी ताट वाढायचं, की चूल पेटवायला शिकवत बसायचं?” असं त्या नवऱ्याला विचारायच्या. नवरा बँकेत होता. तो पेपरातून डोकं न काढता “ताट” म्हणायचा, कारण त्याला स्वतःचं ताट हवं असायचं.

बाईंचं खरं दुखणं वेगळंच होतं. शाळा चौथीपर्यंत. मराठी पाचवी होती ती पार उधन्याकडे. सचिन गावातल्या कारखान्यांकडे ट्रक धावतात तो मोठा रस्ता ओलांडायचा, मग रेल्वेचे रूळ ओलांडायचे. पोरगे जायचे. पोरींना कोण पाठवतो? मागल्या वर्षी सतरा पोरी चौथी पास झाल्या आणि त्यांतल्या चार पाचवीला गेल्या. उरलेल्या तेरा घरी बसल्या, साड्यांच्या गठ्ठ्यांपुढे. कारखान्यातून साड्या यायच्या, त्यांच्या पाठीवरचे सुटे धागे कात्रीने कापायचे, गठ्ठा परत द्यायचा. बाई चाळीतून जाताना या पोरी दारातून त्यांना बघायच्या आणि कात्री पाठीमागे लपवून उभ्या राहायच्या. “नमस्ते, बाई!” बाई भराभर पुढे जायच्या आणि कोपऱ्यावर गेल्यावर नाक पुसायच्या.

तीन वर्षं बाई आणि मोठे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक अशोक भामरे, पाचवीच्या वर्गासाठी अर्ज करत होते. चौथ्या वर्षी एकदाचं उत्तर आलं. फेब्रुवारीत निरीक्षक येतील. नव्या धोरणाप्रमाणे मुलांमध्ये सर्जनशीलता आणि चिकित्सक विचार वाढीला लागले आहेत की नाहीत, हे पाहतील. त्यांच्या शेऱ्यावर पाचवी ठरेल. मोठ्या गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “मालतीबाई, हे दोन्ही आपल्याकडे आहे का?”

“नसलं तर आणू की!” बाई म्हणाल्या. “फेब्रुवारीला अजून महिना आहे.”

आणायला त्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या. साठ शिक्षक, एक पंखा आणि एक तज्ज्ञ. तज्ज्ञ खुर्चीत बसले आणि म्हणाले, “लिहा. मुलांना काहीही लिहून देऊ नये. लिहिलं? पुढे. मुलांनी स्वतः विचार करावा. स्वल्पविराम. पाठांतर टाळावे. पूर्णविराम. हे पाठ करून या, उद्या विचारीन.” साठ शिक्षकांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं, पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवलं. बाईंचा तर पहिला नंबर आला. तिसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी सार सांगितलं: जुन्या शाळेत मूल उत्तर देतं, नव्या शाळेत मूल प्रश्न विचारतं. उत्स्फूर्तपणे.

बाईंनी ‘उत्स्फूर्तपणे’खाली दोन रेघा मारल्या.

पुढचा रविवार सगळा त्यात गेला. सकाळी देवपूजा आटोपून बाई सामान्यज्ञानाचं एक पुस्तक आणि कोरी वही घेऊन बसल्या, त्या दिवेलागणीपर्यंत उठल्या नाहीत. एक्केचाळीस पोरं, एक्केचाळीस प्रश्न, हजेरीपटाच्या क्रमाने. समुद्राचे पाणी खारट का असते? पक्षी थव्याने का उडतात? माणसाला जांभई का येते? अडतीस झाले आणि पुस्तक संपलं. मग बाईंनी नवऱ्याला विचारलं, “अहो, तुम्हाला एखादा प्रश्न पडतो का हो?” तो म्हणाला, “आज जेवायला काय आहे?” तो बाईंनी घेतला नाही. उरलेले तीन त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढले. त्यांतला शेवटचा होता, ‘प्रश्न का पडतात?’ त्यावर त्या स्वतःवरच बेहद्द खूश झाल्या.

सोमवारपासून तालीम. “हे बघा,” बाई फळ्यापुढे उभं राहून म्हणाल्या, “आता नवी पद्धत. उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा. साहेब आले की आधी हनुवटीवर बोट ठेवायचं. मनात तीन मोजायचे. मग ‘अं…’ म्हणायचं, म्हणजे आत्ताच सुचलं असं वाटतं. आणि मग आपापला प्रश्न. जो उत्तर देईल, त्याची मी सालटी काढीन.”

पोरांना काय, मज्जाच. चारच दिवसांत वर्ग असा विचारात पडायला लागला की बघणाऱ्याला वाटावं, इथे ऋषिमुनी भरती झालेत. एक चेतनचं तेवढं चुकायचं. तो तीन मोठ्याने मोजायचा. बाईंनी त्याला पायाच्या अंगठ्याने मोजायला शिकवलं.

आडवी गेली ती योगिता. तिच्या वाट्याला एकतिसावा प्रश्न आला होता, ‘उंटाला वाळवंटातले जहाज का म्हणतात?’ तिने उभं राहून सांगितलं, “बाई, हे मला नाही जाणून घ्यायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला उंटाचं काही पडलेलंच नाही. मग मी कशाला विचारू?”

“मग महाराणींना काय जाणून घ्यायचंय?”

“आमच्या घरामागच्या खाडीचं पाणी सोमवारी लाल असतं आणि शुक्रवारी हिरवं असतं, ते का?”

वर्गात खसखस पिकली. खाडीला वरच्या अंगाला कपडा रंगवायचे कारखाने होते, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. पण असले प्रश्न साहेबांना विचारले तर पाचवी राहिली बाजूला, चौथीच जायची! “तू उंटच विचारायचा,” बाईंनी बजावलं. “शहाणपणा घरी ठेवून यायचा.” योगिता खाली बसली. बसताना तिने हनुवटीवर बोट ठेवलं नाही, हे बाईंनी पाहिलं आणि त्यांना राग आला.

राग यायचं कारणही त्यांना पक्कं माहीत होतं. योगिता पाचवीला उधन्याला जाणार नव्हती. तिचा बाप दगा कापडाच्या मागावर बारा-बारा तास उभा असायचा, आई भागीरथी धागे कापायची, आणि घरात दुसऱ्या कात्रीची गरज होती. आपण मरमर मरतोय ते या टवळीसाठीच, आणि हिला उंट नको!

निरीक्षकांचा दिवस आला तो नेमका बुधवारी. बुधवारी त्या भागातली कारखान्यांची लाइट बंद असायची, म्हणून मागांनाही सुट्टी. सगळे बाप घरी. आणि चाळीत बातमी पसरलेली, की आज साहेब पोरींच्या पाचवीचा निकाल लावणार. झालं! दहा वाजता बघावं तर वर्गाच्या खिडक्यांत बापच बाप. इस्त्रीचे शर्ट घालून, केस पाण्याने चापून, गज धरून उभे. दगा सगळ्यांत पुढे होता.

नायकसाहेब आले. पांढरा सफारी, बारडोलीकडची गोड गुजराती, आणि मराठी समजते पण बोलायला लागलं की दमछाक. माणूस बरा दिसत होता. खुर्चीत बसून त्यांनी पहिल्या बाकावरच्या कुंदनला हाताने बोलावलं आणि मायेने विचारलं, “बेटा, तारुं नाम शुं?”

कुंदन उभी राहिली. हनुवटीवर बोट. एक, दोन, तीन. “अं… साहेब, समुद्राचे पाणी खारट का असते?”

साहेब हसले. “ए तो ठीक. पण नाम शुं छे?”

कुंदन घाबरून बाईंकडे बघायला लागली. एकच प्रश्न दिला होता, दुसरा कुठून आणणार बिचारी? साहेब शेजारच्या चेतनकडे वळले. “तू सांग, गुजरातचं पाटनगर, म्हणजे राजधानी, कोणती?”

चेतनच्या चपलेतला अंगठा तीनदा हलला. “अं… साहेब, पक्षी थव्याने का उडतात?”

“सात आठे केटला?” साहेबांनी नूतनला पाढ्यातलं विचारलं.

“अं… साहेब, माणसाला जांभई का येते?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मालतीबेन,” ते हळूच म्हणाले, “आ छोकरांओ सांभळतां नथी के? ऐकू येत नाही यांना?”

आणि तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! निरीक्षक हा प्राणी वर्गात येतो तो प्रश्न विचारायला. बावीस वर्षं पाहतोय आपण. दोन आठवडे पोरांना प्रश्न पढवले, पण साहेबांनी आधी काही विचारलं तर काय करायचं, हे सांगायचंच राहिलं! त्यांनी डोळे मोठे करून पोरांना खुणावलं, की बाबांनो, आता उत्तरं द्या. पोरांना वाटलं, बाई म्हणतायत, सगळ्यांनी उत्स्फूर्त व्हा. एक्केचाळीस हात वर गेले, एक्केचाळीस ‘अं…’ निघाले आणि समुद्र, पक्षी, जांभया, ढग, मुंग्या यांचा वर्गात असा काही गलबला उडाला की खिडकीतले बाप टाळ्या वाजवायला लागले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, पोरं जिंकतायत.

साहेबांनी नूतनच्या बाकावरची वही उचलली. पान उलटलं. एक ते एक्केचाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे हजेरीनंबर, आणि तळाला सुवाच्य अक्षरात: ‘बोट हनुवटीवर. तीन मोजणे. अं म्हणणे.’ साहेबांनी ते अक्षर लावत लावत मोठ्याने वाचलं. मोठे गुरुजी दारात उभे होते, ते हळूहळू दाराच्या मागे गेले.

“मालतीबेन, आ तो गोखणपट्टी थई,” साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यामुळेच बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “प्रश्न पण गोखवला? मी काय लिहू? या मुलांना विचार करता येत नाही, असंच लिहावं लागेल. पाचवी या वरसे शक्य नथी. पुढच्या वर्षी बघू.” त्यांनी शेऱ्याचं बुक उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

पुढचं वर्ष! पुढच्या वर्षी या पोरी कुठे असतील, ते बाईंना कात्रीसकट दिसलं. पाया पडावं का साहेबांच्या? पडल्याही असत्या. पण तेवढ्यात तिसऱ्या बाकावर योगिता उभी राहिली.

“साहेब, एक विचारू?”

साहेबांनी कंटाळून वर पाहिलं. “तारो नंबर केटलामो?”

“हा नंबरातला नाही.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. आता ही खाडी काढते, संपलंच सगळं, असं त्यांना वाटलं.

“हे प्रश्न बाईंनी लिहून दिले,” योगिता म्हणाली. “आम्ही फक्त पाठ केले. म्हणजे चूक बाईंची ना?”

“हा. एमनीज. बाईंचीच.”

“आणि पाचवी कुणाला पाहिजे? बाईंना का आम्हाला?”

“तुम्हाला.”

“मग चूक बाईंची, आणि पाचवी आमची कशी जाते?”

साहेबांचं पेन कागदाच्या वर तसंच राहिलं. पोरगी थांबली नाही. तिने दोन्ही हातांनी फ्रॉक घट्ट धरून ठेवला होता. “आणि तुम्ही म्हणता, आम्हाला विचार करता येत नाही म्हणून पाचवी नाही. पण येत नाही म्हणूनच शाळेत यायचं असतं ना, साहेब? सगळं येत असतं तर घरीच नसतो का बसलो?”

तीस वर्षांच्या नोकरीत नायकसाहेबांना शेकडो वर्गांनी सलाम ठोकले असतील. असं कोंडीत कुणी पकडलं नव्हतं. ते बाईंकडे वळले. “मालतीबेन, साचुं कहेजो, खरं सांगा. आ प्रश्न पण तमे लखाव्यो छे?”

दाराच्या मागून मोठ्या गुरुजींचं डोकं बाहेर आलं आणि जोरजोरात हो-हो म्हणून हलायला लागलं. बाईंना कळत होतं त्यांना काय म्हणायचंय ते. एकदा ‘हो’ म्हटलं की झालं. बाईंनीच घडवलं पोरीला, हाच तो चिकित्सक विचार, घ्या पाचवी, आणि वर बाईंना शाबासकी. शब्द ओठांवर आलाही होता. पण पोरगी समोर उभी होती, आणि तिचं वाक्य तिच्यापासून काढून घ्यायचं बाईंच्या जिवावर आलं. अर्धा गुण कापणं वेगळं, आणि हे वेगळं.

“नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “मी तिला उंट दिला होता. हा प्रश्न तिचा तिचा आहे. मी तर दोन आठवडे तिला गप्प बसवत होते.”

मोठ्या गुरुजींनी कपाळावर हात मारला. त्याचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू आला.

साहेब उठून खिडकीशी गेले. “आ कोनी दीकरी छे?”

“मन्ही शे, साहेब,” दगाने भीत भीत हात वर केला.

“पाचवीला उधन्याला पाठवशील?”

दगाने पोरीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. खोटं त्यालाही बोलता येत नव्हतं. “नही, साहेब. ट्रकनी वाट शे. पोरनी जात. कशी धाडू?”

साहेब परत आले. खुर्चीत बसले नाहीत. पेनाला टोपण घातलं, कोरं बुक मिटून काखेत मारलं आणि म्हणाले, “उत्तर लिहून पाठवतो.” ते कुणाला म्हणाले, बाईंना की योगिताला, ते काही कळलं नाही. धुडकू चहा घेऊन आला तोवर त्यांची स्कूटर फाटकाबाहेर गेली होती. तो चहा मोठे गुरुजी प्यायले, कारण त्यांना घेरी आल्यासारखं होत होतं.

बाई योगिताच्या बाकापाशी गेल्या. आता पोरीला पडणार, म्हणून शेजारची नूतन आधीच बाजूला सरकली.

“साहेबांसमोर माझी चूक काढलीस?”

योगिताच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड काही थांबलं नव्हतं. “नव्हती का चूक, बाई?”

बाईंचा हात उठला. उठला तो खरंच मारायलाच. पण बाई प्रामाणिक होत्या, त्याला काय करणार? त्या हाताने त्यांनी स्वतःचा पदर सारखा केला. “होती,” त्या म्हणाल्या. “बस खाली.” आणि त्या दिवशी पुढे काही शिकवायचं त्यांना सुचलं नाही, म्हणून सगळ्या वर्गाला खेळायला सोडलं.

मार्चमध्ये कचेरीतून दोन पाकिटं आली. पहिलं मोठ्या गुरुजींच्या नावे: जूनपासून पाचवीचा वर्ग मंजूर. मोठे गुरुजी खुर्चीतल्या खुर्चीत असे उडाले की टेबलावरची शाई सांडली. दुसरं पाकीट मालतीबाईंच्या नावे. निरीक्षणाच्या वेळी मुलांकडून पढवलेले प्रश्न वदवून घेतल्याबद्दल त्यांच्यावर ठपका ठेवण्यात येत आहे; आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

म्हणजे नायकसाहेबांनी गणित अगदी पोरीने घातलं तसंच सोडवलं होतं. पाचवी पोरींना, चूक बाईंना! बावीस वर्षांत बाईंच्या नोकरीच्या कागदावर डाग नव्हता. त्यांना रडू आलं, मग पहिलं पाकीट पुन्हा वाचून हसू आलं, मग दोन्ही एकदम यायला लागलं, तेव्हा मोठे गुरुजी घाबरून त्यांना वारा घालायला लागले.

“काही काळजी करू नका,” ते म्हणाले. “खुलाशाचा तयार नमुना आहे माझ्या फायलीत. सगळे तोच देतात. उतरवून काढा आणि सही ठोका.”

बाईंनी नमुना घेतला, कागद घेतला आणि उतरवायला लागल्या. ‘सविनय खुलासा करण्यात येतो की, सदर बाब माझ्याकडून अनवधानाने…’ तिथे पेन अडलं. अनवधानाने? अहो, एक अख्खा रविवार गेला होता त्यात! इतक्या अवधानाने त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. त्यांनी तो कागद फाडला. दुसरा घेतला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की सांगणारं कुणी नसलं तर आपल्याला पहिलं वाक्यसुद्धा सुचत नाहीये. तीन दिवस त्या मधल्या सुट्टीत कागद घेऊन बसल्या. घरी बसल्या. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “मी काय सांगणार? चूक तुझी आहे.” चौथ्या दिवशी, पोरं भागाकार करत असताना, बाईंनी मान खाली घालून एका दमात लिहून टाकलं:

‘प्रश्न मीच लिहून दिले, ही गोष्ट खरी आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना स्वतःचे प्रश्न पडत नाहीत, अशी माझी समजूत होती. मी त्यांना कधी विचारले नव्हते.’

वाचून पाहिलं. तीनच वाक्यं, ना नदी ना आमराई. मोठे गुरुजी म्हणाले, फार थोडं झालं, निदान ‘सविनय’ तरी घाला. बाईंनी घातलं नाही. सही केली आणि स्वतः जाऊन टपालात टाकलं.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी पाचवीचे प्रवेश सुरू झाले. शिक्षक अजून मिळाला नव्हता, म्हणून मिळेपर्यंत पाचवीही बाईंच्याच गळ्यात पडली होती. टेबलापुढे आयांची रांग लागली होती. भागीरथीचा नंबर आला. तिने योगिताला दंडाला धरून पुढे केलं.

“बाई, इले पाचवीमा घाला. तिना बापनी हो म्हनं. पन एक काम करा, बाई. इनं तोंड तेवढं बंद करा. घरमा दिनभर माले इचारस, का बरं, कसाले बरं. मन्हं डोकं फिरी गयं.”

मालतीबाईंनी योगिताकडे पाहिलं. योगिताने त्यांच्याकडे पाहिलं.

“ते काम आता माझ्याच्याने व्हायचं नाही, भागीरथी,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी हजेरीपटावर नाव लिहून घेतलं. चौथीतून पाचवीत आलेली ती सोळावी मुलगी होती, आणि रांगेत अजून तिघी उभ्या होत्या.